हवालदाराचं सुतक

सुग्रीव दुकानाचं शटर वर करायला यायचा तेव्हा दोन म्हातारे आधीच बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसलेले असायचे. एक दिवसाआड, न चुकता. दोघांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा आणि त्या जागेत कालचा पेपर. एकाचा वाचून झाला की दुसरा वाचायचा आणि मग त्यातल्याच एखाद्या बातमीवरून दोघांची जुंपायची. नांदूरघाटकडून येणारी पहिली एसटी वळणावर हॉर्न द्यायची, तोवर यांचं एक भांडण संपून दुसरं रंगात आलेलं असायचं.

यातले एक आश्रुबा हवालदार आणि दुसरे बबनराव नाईक. हवालदार काय, नाईक काय, ही त्यांची आडनावं नव्हेत. ते फौजेतले हुद्दे. आडनावांना गावात तोटा नाही, पण हुद्दा असलेली माणसं दोनच, म्हणून गावानं तीच आडनावं करून टाकली. दोघंही पंचाहत्तरीच्या आसपासचे. आश्रुबा बौद्ध, त्यांचं घर विहाराजवळ. बबनराव मराठ्याचे, बागायती बऱ्यापैकी, वाडवडिलांपासून गावात वजन. आश्रुबांचा चेहरा कायम गुळगुळीत आणि बबनरावांच्या ओठावर अशी भरघोस मिशी, की चहा प्यायल्यावर ती पुसायला त्यांना वेगळा रुमाल लागायचा.

सुग्रीव गावच्या वारकाच्या घरचा. न्हाव्याला आपल्याकडे वारीक म्हणतात. आजानं आणि बापानं धोकटी काखेत मारून घरोघर हजामती केल्या, सुग्रीवच्या नशिबानं त्याला खुर्ची आणि आरसा मिळाला. बबनरावांचा मुलगा अमरसिंह पंचायत समितीवर निवडून आल्यावर त्यानं स्टँडजवळ गाळे काढले, त्यातला कोपऱ्याचा सुग्रीवनं भाड्यानं घेतला. धंदा चांगला चालायचा. पोरं डोक्यावर कसल्या कसल्या नक्ष्या काढून घ्यायला यायची आणि सुग्रीव मोबाइलवर फोटो बघून तशा काढूनही द्यायचा. पण त्याला स्वतःला विचारलं तर सकाळचा पहिला अर्धा तास सोडून बाकीचा दिवस नुसता पोटासाठी, असं तो सांगायचा.

खुर्चीत पहिल्यांदा बसायचे आश्रुबा. बबनराव कितीही आधी आलेले असोत. एकदा कुणा नवख्या गिऱ्हाइकानं बबनरावांना म्हटलं की आबा, तुम्ही आधी आलात, तुम्ही बसा की. बबनरावांनी पेपरातून मान वर न काढता त्याला सांगितलं, "त्यो सीनियर हाय बे." संपलं. पुन्हा कुणी विचारलं नाही. दुकानात बबनराव आश्रुबांना 'उस्ताद' म्हणायचे आणि आश्रुबा त्यांना नुसतं 'बबन' म्हणायचे. बाहेर चार माणसांत मात्र तेच आश्रुबा 'बबनराव' म्हणायचे, अगदी अदबीनं. ही कवायत दोघांनी कधी ठरवली ते त्यांनाच ठाऊक, पण चुकली कधी नाही.

दोघं एकाच वर्षी, एकाच एसटीनं भरतीला गेले होते. दोघांनाही घेतलं ते सॅपर्समधे, म्हणजे पूल बांधायचे, रस्ते करायचे आणि जमिनीत पेरलेले सुरुंग काढायचे. खडकीला शिकून बाहेर पडले आणि तीन-चार वर्षांत एकाहत्तरची लढाई लागली. आश्रुबांचा हात या कामाला बसलेला, म्हणून त्यांना बढती लवकर मिळाली. बबनराव मागं राहिले ते मागंच राहिले. नाईक होऊन घरी आले. याबद्दल त्यांना कधी वाईट वाटलं असेल तर ते त्यांनी मिशीत दाबून टाकलं.

सव्वीस जानेवारीला शाळेत दोघांना शाल आणि नारळ मिळायचा. एका वर्षी एका पोरीनं उभं राहून आश्रुबांना विचारलं, आजोबा, तुम्ही लढाईत किती माणसं मारली? सगळी शाळा कान टवकारून बसली. आश्रुबांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की एकही नाही, आम्ही जमिनीतून वस्तू बाहेर काढायचं काम केलं. पोरांचा पार हिरमोड झाला. हेडमास्तरांनी घाईनं टाळ्या वाजवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात बबनराव त्यांच्यावर चिडले होते. दोन-चार सांगायचे होते की, पोरं खूश झाली असती. आश्रुबा म्हणाले की तुला मोजता येतात तर पुढच्या वर्षी तू सांग.

आता हेही सांगायला हवं, की आश्रुबा पहिल्यापासून या घराच्या हातून दाढी करून घेत नव्हते. सुग्रीवचे वडील, आप्पा, मराठ्यांच्या बलुत्यावर जगणारे. लढाईनंतर आश्रुबा पहिल्या रजेवर आले तेव्हा निंबाखाली आप्पांसमोर रांगेत येऊन बसले. फौजेत एकच न्हावी सगळ्यांची करायचा, तशी सवय झाली असेल. त्यांची पाळी आली तेव्हा आप्पांनी धोकटी उचलली आणि घरी निघून गेले. भांडण नाही, शिवी नाही, काही नाही. आश्रुबाही उठले, घरी गेले, दाराच्या चौकटीला आरसा अडकवून स्वतःची दाढी स्वतः केली आणि पुढं कित्येक वर्षं तशीच करत राहिले. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

आप्पा गेल्यावर सुग्रीवनं दुकान टाकलं. पहिल्याच आठवड्यात आश्रुबा दारात येऊन उभे राहिले आणि जागा आहे का म्हणून विचारलं. सुग्रीव "बसा काका" म्हणाला. त्याला तेवढंच सुचलं. गालाला फेस लावताना हा माणूस आता काय बोलेल याची त्याला धास्ती होती. दाढी झाल्यावर आश्रुबांनी गालावरून हात फिरवला आणि हनुवटीखाली थोडं राहिलंय म्हणाले. राहिलं होतं खरं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी बबनराव यायला लागले. तोवर मोठ्या घरच्या रीतीप्रमाणं वारीक त्यांच्या ओसरीवर जायचा. त्यांनी ते बंद केलं. घरी पाणी गार मिळतं असं काहीतरी कारण सांगितलं, जे खोटं होतं हे सुग्रीवला पक्कं ठाऊक होतं.

लढाईबद्दल दोघं बोलायचे ते डाळीबद्दल. फौजेच्या लंगरातली डाळ, पंजाबातली थंडी, एक खेचर जे फक्त आश्रुबांचं ऐकायचं, एक कॅप्टन जो झोपेत गाणी म्हणायचा. सुग्रीवला वाटायचं की ही काय लढाई झाली. खरी गोष्ट त्याला कळली ती आश्रुबा डोळ्याच्या ऑपरेशनला लातूरला गेले होते तेव्हा. बबनराव एकटेच आले होते आणि एकटे असले की त्यांना करमत नसे. सुग्रीवनं मिशीला कात्री लावता लावता सहज विचारलं, की आबा, सुरुंग काढायचे म्हणजे नेमकं काय करायचे?

बबनराव आरशात बघून बोलायला लागले. "उस्ताद पुढं, पोटावर. सळई तिरकी खुपसायची, थांबायचं, मग हातभर पुढं. मागं मी. मोकळ्या केलेल्या वाटंला दोन्ही कडंनी पांढरी पट्टी अंथरायचं काम माझं. मागं रणगाडे थांबलेले. त्याच्या कोपराचा वळ मातीत जिथं उठला, तिथंच मी माझा कोपर ठेवायचा. बोटभर इकडं न्हाई का बोटभर तिकडं न्हाई." मग ते म्हणाले, "गावात असताना मी ह्याच्या घरचं पानी पेलो नव्हतो, सुग्रीव. आन तितं त्याच्या कोपराच्या खुनंवर जीव ठिवून सरकत व्हतो."

हे उस्तादाला सांगू नको, असं त्यांनी जाताना बजावलं. सुग्रीवच्या पोटात ते किती दिवस राहणार? आश्रुबा परत आल्यावर चौथ्याच दिवशी त्यानं विषय काढला. आश्रुबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बबन लई घाबरायचा. पट्टी वाकडी अंथरायचा." आणि हसले. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यावर ऑपरेशनचा काळा चष्मा होता, त्यामुळं आणखी काही दिसलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर आश्रुबा गेले. ताप आला, केजला नेलं, बरं वाटून परत आणलं आणि एका सकाळी चहा पिऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. पारूबाई, त्यांची बायको, पन्नास-पंचावन्न वर्षांचा संसार केलेली. तिनं पहिला निरोप धाडला तो अंबाजोगाईला मास्तर असलेल्या मुलाला, समाधानला, आणि दुसरा सुग्रीवला. धोकटी घेऊन ये, म्हणाली. तापात दाढी राहून गेली होती आणि अशा वाढलेल्या दाढीनं हा माणूस घराच्या बाहेर कधी पडलेला नव्हता.

सुग्रीव गेला. पारूबाईनं पाणी तापवून दिलं. आता गरम काय आणि गार काय, पण तिनं तापवलं आणि सुग्रीवनंही बोट बुडवून जास्त कढत नाही ना बघितलं. गाल गार होता. सुग्रीवनं आजवर मेलेल्या माणसाला हात लावला नव्हता असं नाही, त्याचा धंदाच तसा. पण हनुवटीखाली पोचल्यावर त्याला पुढचं दिसेना. तो तसाच थांबला आणि ढसाढसा रडला. मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि राहिलेलं पूर्ण केलं. गालाला तुरटी फिरवली.

मातीला सगळा गाव आला होता. पांढरे कपडे घालून माणसं बसली, बौद्धाचार्यांनी गाथा म्हटल्या, समाधाननं अग्नी दिला. बबनराव जरा लांब, बाभळीखाली उभे होते. घरच्यांच्या रांगेत त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि पाव्हण्यांच्या रांगेत ते गेले नाहीत. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. गुडघ्यामुळं तो वाकडाच झाला. कुणी बघितलं, कुणी नाही.

त्यानंतर बबनराव दुकानात आले नाहीत. सुग्रीव सकाळी शटर उघडायचा आणि बाकडं रिकामं. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं की काय. म्हणून तो त्यांच्या घराकडून चक्कर मारून आला, तर बबनराव ओसरीवर सतरंजीवर बसलेले, दाढी वाढलेली. पलंगावर निजत नाहीत, एकवेळ जेवतात, असं घरातून कळलं. सुग्रीवच्या लगेच ध्यानात आलं. त्याचा हा धंदाच होता. म्हातारा सुतक पाळत होता.

घरातल्यांच्याही ते ध्यानात आलं होतं. दोन दिवसांनी संध्याकाळी अमरसिंह स्वतः दुकानात आला. माणूस वाईट नाही, अडीअडचणीला धावून जाणारा. पण जिल्हा परिषदेची तयारी चाललेली, आणि भावकी म्हणजे सगळ्या तयारीचं मूळ. त्यानं खुर्चीत बसून घेतलं आणि सुग्रीवला समजावून सांगितलं. हवालदार काकांबद्दल त्याच्या मनात आदरच आहे. समाधाननं रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय, तिथं तो हार घेऊन जाणार आहे, चार शब्द बोलणार आहे. पण आबांचं डोकं फिरलंय. दहाव्याला मिशी काढतो म्हणतात. नेमका रविवारीच दहावा. मिशी माणूस कुणासाठी काढतो? बापासाठी, आईसाठी, थोरल्या भावासाठी. आबांनी ती काढली म्हणजे सगळ्या भावकीला सुतक लागलं असा अर्थ. आत्ताच दोन चुलते विचारून गेले की आम्हीही डोकी भादरायची का.

"तू फक्त न्हाई म्हन," अमरसिंह म्हणाला. "दुसरीकडं जायला आबांना गुडघे साथ देत न्हाईत." अमरसिंह उठताना भिंतीवरचा आरसा, खुर्ची, पंखा यांच्याकडं बघत म्हणाला की गाळा आपलाच आहे, तुला कधी काही म्हटलंय का मी? म्हटलं नव्हतं, हे खरंच होतं. म्हणूनच आज म्हटलेलं सुग्रीवला बरोबर कळलं.

त्यानं दोन दिवस विचार केला. बायकोला विचारलं तर ती म्हणाली की मोठ्या घरच्या भानगडीत आपण कशाला पडायचं, पोरांची शिक्षणं चालू आहेत. तिचं बरोबर होतं. सुग्रीवनं ठरवलं की रविवारी दुकान उघडायचंच नाही, केजला मेव्हण्याकडं जायचं. आणि रविवारी दिवस उगवायला तो दुकानासमोर होता. का आलास, असं पुढं त्याला पुष्कळ लोकांनी विचारलं. त्याचं उत्तर एवढंच, की म्हातारा येऊन बंद शटरसमोर बसला असता आणि ते मला बघवलं नसतं.

बबनराव बाकड्यावर होतेच. आत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डोकं आन मिशी. रीतीनं कर."

"आबा, अमरसिंह भैय्या येऊन गेलते," सुग्रीव म्हणाला.

"म्हाईत हाय. तुला जमत नसंल तर वस्तरा दे, मी करतो. हात कापतो माझा, पन करतो."

सुग्रीवनं वस्तऱ्यात नवं ब्लेड घातलं. पुढं दोन महिन्यांनी गाळा सोडावा लागला तो यावरून. अमरसिंह तेव्हाही गोडच बोलला, मेव्हण्याला मोबाइलचं दुकान टाकून द्यायचंय म्हणाला. सुग्रीव आता रस्त्यापलीकडं पत्र्याच्या टपरीत बसतो आणि त्याचं रडगाणं गात नाही. विचारलं तर उन्हाळ्यात पत्रा तापतो एवढंच सांगतो.

आधी डोकं झालं. मग मिशी कात्रीनं बारीक केली, फेस लावला आणि वरून खाली वस्तऱ्याचे दोन हात फिरवले. मिशीखालचा ओठ ऊन न लागलेला, पांढुरका आणि पातळ निघाला. बबनराव एकदम कुणी दुसरेच दिसायला लागले. त्यांनी आरशात बघितलं, ओठावर बोट फिरवलं आणि उठले. सुग्रीवनं शटर ओढलं आणि तोही त्यांच्याबरोबर निघाला. म्हाताऱ्याला एकटं सोडायला त्याचं मन धजेना.

विहारासमोर मांडव घातला होता. टेबलावर पांढरं कापड, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाजूला वर्दीतल्या आश्रुबांचा फोटो, मेणबत्ती पेटलेली. सतरंज्यांवर माणसं बसलेली. बबनराव आत आले आणि कुजबुज थांबली. आधी लोकांनी त्यांना ओळखलंच नाही. मग ओळखलं आणि सगळे बघतच राहिले.

समाधान पुढं आला. चाळिशी उलटलेला, शांत बोलणारा, बापासारखा सफाचट. त्यानं बबनरावांच्या डोक्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"आबा, हे काय केलंत?" तो हळूच म्हणाला. "माझे आजोबा वारले तेव्हा बाबांनी केस दिले नाहीत. त्यांच्या मागं मी देऊ नयेत म्हणून मला बजावून ठेवलं होतं. आयुष्यभर ज्याला नाही म्हणाले, ते तुम्ही त्यांच्याच नावानं केलंत?"

हे सुग्रीवच्या डोक्यातच आलं नव्हतं. बौद्धवाड्यात कुणी गेलं तर तिथं वारकाचं काम नसतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. पण गेले दोन दिवस तो भावकीचा, गाळ्याचा आणि अमरसिंहाचा विचार करत होता. ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला ते चाललं असतं का, हा प्रश्न ना त्याला पडला, ना बबनरावांना. इकडून भावकी तुटली आणि तिकडं हा असा अपमान. त्याला म्हाताऱ्याची इतकी कीव आली की त्यांचा हात धरून बाहेर न्यावं असं वाटलं.

बबनरावांचा मिशी नसलेला ओठ हलत होता आणि तो झाकायला आता काही नव्हतं.

"मला दुसरं काय येत न्हाई, समाधान," ते म्हणाले. "थोरला भाऊ गेला की आमच्यात ह्येच करत्यात. तुमच्यात काय करत्यात ते सांग. ते करतो."

समाधाननं बबनरावांच्या दंडाला धरलं, पुढच्या सतरंजीवर घरच्या माणसांत नेऊन बसवलं आणि सांगितलं की बौद्धाचार्य म्हणतील ते त्यांच्या मागून म्हणायचं, नाही आलं तर नुसते हात जोडायचे. बबनरावांना येत नव्हतं. तरी ते सगळ्यांच्या अर्धा शब्द मागं राहून, मोठ्यानं, कवायतीच्या आवाजात त्रिशरण म्हणत राहिले. मागं दोन पोरी तोंडाला ओढणी लावून हसल्या आणि मग त्यांच्या आईनं डोळे वटारल्यावर गप्प बसल्या.

अमरसिंह उशिरा आला. बापाकडं नजर जाताच त्याचं तोंड उतरलं, पण हार घातला, चार शब्द बोलला आणि ते चांगले बोलला. कार्यक्रम संपल्यावर त्यानं बापाच्या हातात पांढरी टोपी दिली. आज बाजार आहे, गावातून जायचंय, निदान टोपी घाला, गाडी उभी आहे, म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. बबनरावांनी टोपी घेतली.

तेवढ्यात पारूबाई आली. पांढरं लुगडं, हातात पाण्याचा तांब्या. तिनं तांब्या बबनरावांपुढं धरला. ते प्यायले. ती त्यांच्या डोक्याकडं बघत राहिली आणि मग समाधान कुठं आहे ते मागं वळून बघितलं. तो लांब होता.

"पोराचं बरुबर हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांनी आमाला तसंच शिकवलं, आन मला त्ये पटतं. आमी काईच करनार न्हाई. पन दहा दिस झाले, मी दारात बसून बगते. मानसं बाजारला चाललीत, पोरं शाळंला चाललीत, सगळं जितल्या तितं. हवालदार गेलाय, ह्ये गावात कुनाच्या तोंडावर दिसंना. मला लई वाटायचं, कुनाच्या तरी दिसावं." तिनं पदरानं डोळे पुसले. "आज दिसलं."

बबनरावांनी टोपीची घडी घातली आणि ती सुग्रीवच्या हातात दिली. गाडी नको म्हणाले, चालत जातो. अमरसिंहाची गाडी काही अंतर त्यांच्या मागं रेंगाळत आली आणि मग बाजूनं निघून गेली.

बाजार भरात आला होता. युसूफ वडगावपासूनची माणसं आलेली. भाजीवाले, कापडवाले, शेळ्या घेऊन बसलेले, सगळ्यांमधून बबनराव सावकाश चालले होते, उघडं बोडकं डोकं, उघडा ओठ. असा माणूस दिसला की थांबून विचारायची रीत आहे. पहिल्यांदा मिरच्या घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, की आबा, कोण गेलं? बबनराव थांबले आणि म्हणाले, थोरला भाऊ. म्हाताऱ्यानं हात जोडले. पुढं पानवाल्यानं विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. मग आणखी एकानं, मग आणखी कुणी.

मारुतीच्या पारावर त्यांच्याच भावकीतला एक जण बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं, तरी त्यानं मुद्दाम विचारलं.

"आबा, तुमी तर घरात थोरले. तुमाला थोरला भाऊ कुठून आला?"

"व्हता," बबनराव म्हणाले. "आश्रुबा हवालदार."

आणि ते पुढच्या माणसापाशी थांबले, कारण त्यानंही विचारलं होतं. टोपी हातात धरून सुग्रीव मागं उभा राहायचा. रोज पाच मिनिटांची ती वाट, त्या दिवशी घरी पोचायला त्यांना दुपार झाली.